खिळा

समीक्षेच्या वर्गात ‘सेंद्रिय एकात्मता’ शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एकच दाखला देत आलो. कोकणातल्या घरामागे रायवळ आंबा आहे. त्याच्या खोडात वडिलांनी कंदील अडकवायला एक खिळा ठोकला होता. झाड वाढले तसा तो खिळाही वर वर गेला असणार, आणि चांगली कादंबरीही आपल्या आरंभीच्या खुणा अशाच उंचावर नेते, असे आम्ही सांगायचो. मुले लिहून घेत. एका वर्षी मागच्या बाकावरून विज्ञानशाखा सोडून आलेली एक मुलगी उठली. “सर, खिळा वर जात नाही. ठोकला तिथेच राहतो.”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण संध्याकाळी वनस्पतिशास्त्राचे जुने पाठ्यपुस्तक मिळवून वाचत बसलो.

मुलीचे बरोबर होते. झाड उंचीला वाढते ते शेंड्यांशी. तिथल्या विभाजी ऊतींच्या पेशी सतत दुभंगत असतात. मागे पडलेल्या पेशी काही काळ लांबतात, मग एकेकीचे काम ठरते आणि ती जागची हलत नाही. खोड पुढे फक्त जाड होते. साल आणि लाकूड यांच्यामधला कॅम्बियमचा नाजूक थर आतल्या अंगाला लाकूड घालतो, बाहेरच्या अंगाला रसवाहिनी. (गवताची तऱ्हा निराळी. त्याचे पाते बुडाशी वाढते, म्हणून कापलेले गवत पुन्हा वर येते. आम्ही गवताचा दाखला दिला असता तर निभावले असते!)

खिळ्यापेक्षा आम्हांला छळले ते मात्र दुसरेच. सेंद्रिय म्हणजे सारे घटक जिवंत, असे आम्ही धरून चाललो होतो. आंब्याच्या जलवाहिनीतली नलिका मेल्यावाचून पाणी वाहूच शकत नाही. ती पेशी आधी आपली भित्ती लिग्निनने जाड करते, मग केंद्रक, जीवद्रव्य सारे विरघळवून टाकते. टोकाच्या भिंती झिजून जातात आणि एकीवर एक उरलेल्या पोकळ कवचांचा नळ होतो. रसवाहिनीतली चाळणी नलिका जिवंत राहते, पण केंद्रक गमावून. तिचा संसार शेजारची सहपेशी चालवते. जुन्या खोडातले बहुतेक लाकूड मृतच असते. रॉबर्ट हूकने १६६५ साली ज्या रिकाम्या कोठड्या पाहून पेशीला तिचे इंग्रजी नाव दिले, त्याही बुचातल्या, म्हणजे मेलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. त्या वर्गापुरते ते सोपे होते. त्याआधीच्या तुकड्यांतले कितीतरी जण आज स्वतः शिकवतात; त्यांच्या वह्यांतला खिळा अजून वर चढतोच आहे.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो. वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. सवयीने मान वर करून खोड न्याहाळले, मग ओशाळून नजर खाली आणली. लहानपणी टाचा उंचावूनही न पोचणारी ती जागा आमच्या हनुवटीच्या पातळीवर होती. खिळा दिसत नव्हता. साल दोन्ही बाजूंनी आत वळून तिथे बेंबीएवढा खळगा झाला होता. करंगळी घालून पाहिली. लोखंड लागले नाही.