नाटकवालीचे घरभाडे

आमच्या मुलीने न्यूयॉर्कात नाटकावरच जगायचे ठरविले, तेव्हा आम्ही उभयतांनी एकच विचारले, "घरभाडे कशातून देणार?" आपल्या समाजाचे जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून १९३१ साली 'आलम आरा' निघाला, हे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगतो, पण स्वतःची मुलगी म्हटल्यावर धीर सुटला. ठाण्याच्या मावशीला आम्ही "ती ऑफिसात आहे" एवढेच सांगत होतो. (अगदीच खोटे नव्हे. दिवसा ती एका कचेरीत हिशेब लिहिते, संध्याकाळी तालीम.)

परवा तिने आम्हांला ४३ व्या रस्त्यावरील मॅनहॅटन प्लाझाचे दोन उंच मनोरे दाखविले. १९७७ साली तेथील सत्तर टक्के बिऱ्हाडे रंगभूमीच्या लोकांसाठी राखली गेली, आणि भाडे ठरले ज्याच्या त्याच्या कमाईच्या प्रमाणात. काम नसले की भाडेही उतरते! टाळ्यांपेक्षा हीच सोय नटाला अधिक तारते, असे आम्हांला वाटले.

तिला तेथे जागा नाही. क्वीन्समध्ये तिघी मिळून राहतात. वहीत तिने दर महिन्याचे भाडे, पुढे नाटकाचे पैसे, कचेरीचे पैसे, असे मांडले आहे. आमच्याकडून घेतलेल्या रकमेचा रकाना गेले वर्षभर कोरा आहे.

मावशीला आता आम्ही खरे ते सांगितले.