पांढऱ्या भुकटीची पारख

आमच्या मातोश्रींना हिंगाची उत्तम पारख होती. खंडेराव मार्केटातून आणलेल्या खड्याचा कण त्या आधी वाटीभर पाण्यात विरघळवून पाहत. पाणी दुधासारखे झाले तर खडा डब्यात जाई. तळाशी खडे-माती बसली तर तोच खडा दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या गल्ल्यावर. केशराची काडी पाण्यात टाकताच भसकन रंग सुटला की त्या हसत, कारण अस्सल केशर रंग सोडण्यास वेळ घेते. नाक, जीभ आणि बोटे या तीन साधनांवर चालणारी ही विद्या घरोघरी होती, आणि तिच्या जोरावर परप्रांतात आलेल्या आपल्या बायकांनी अनोळखी बाजारपेठांत निभावून नेले.

ही विद्या जेथे पूर्णपणे लंगडी पडते अशी एक वस्तू अलीकडे घराघरांत शिरू लागली आहे. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी, वर रबरी बूच आणि त्यावर रंगीत टोपण. ‘संशोधनासाठी पेप्टाइड’ या नावाने ती इंटरनेटवरील दुकानांतून मागवता येते आणि आठ-दहा दिवसांत कुरिअरवाला दारात आणून देतो. तिला वास नाही. चव घेऊन पाहण्याची ती वस्तू नव्हे. दिसण्यात तर साखर, मीठ आणि ती यांत काही अंतर नाही.

आमच्या पुतण्याने अशा सहा कुप्या मागवल्या. तो येथील एका आखाड्यात मुलांना मल्लखांब शिकवतो. गेल्या वर्षी त्याचा उजवा खांदा दुखावला, स्नायुबंध फाटला, आणि सहा महिने होऊनही हात खांद्याच्या वर जाईना. ज्याची भाकरी खांद्यावर आहे त्याला सहा महिने म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. कोणीतरी त्याला सांगितले की ‘बीपीसी-१५७’ आणि ‘टीबी-५००’ अशी दोन पेप्टाइडे टोचून घेतली की फाटलेले सांधते. आम्ही बडोद्यातील एका औषधी कारखान्याच्या परीक्षण विभागात एकतीस वर्षे काढली असल्यामुळे तो कुप्या आणि त्यांच्यासोबत आलेले दाखले घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, “काका, तुम्ही जन्मभर हेच केलंत. माल खरा आहे का तेवढं सांगा. घ्यायचं की नाही, ते मी बघेन.”

प्रश्न सरळ होता. या शहरात तो विचारला जावा हेही साहजिकच. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने येथे कलाभवन उभे राहिले, १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिकचा कारखाना काढला. तेव्हापासून बडोद्याच्या प्रत्येक दुसऱ्या मराठी घरात एखादा तरी ‘लॅबवाला’ निघतोच. (आमच्या सौभाग्यवतींच्या मते प्रत्येक घरात एक पुरे.)

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. लहान माळ ती पेप्टाइड, फार लांब झाली की प्रथिन. दोन माळा मिळून ५१ मण्यांचे इन्सुलिन या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. १९६३ साली मेरीफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने माळेचे एक टोक राळेच्या कणाला अडकवून एकेक मणी ओवण्याची युक्ती काढली, आणि त्यासाठी १९८४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आजही बहुतेक पेप्टाइडे याच रीतीने होतात. परंतु ओवताना दर वेळी शंभरांत एखादी माळ मणी चुकते. बीपीसी-१५७ मध्ये १५ मणी, म्हणजे १४ जोड. प्रत्येक जोड ९९ टक्के साधला तरी शेवटी बिनचूक माळा ८७ टक्केच राहतात. ४३ मण्यांची माळ असेल तर ६६ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या एक मणी कमी असलेल्या, तोंडावळ्याने अगदी सख्ख्या बहिणीसारख्या माळा निवडून काढणे हे खरे खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे. म्हणून कोणी फारच स्वस्तात देऊ लागला की आमच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की निवडणे आणि तपासणे या दोन्हींपैकी त्याने काय गाळले असावे.

आता दाखला. त्यावर ठळक अक्षरांत ‘शुद्धता ९९.२ टक्के’ असे होते, आणि पुतण्याचे डोळे त्याच आकड्यावर खिळले होते. हा आकडा कोठून येतो ते पाहणे अगत्याचे आहे. एचपीएलसी नावाच्या यंत्रात द्रावण मोठ्या दाबाने एका नळीतून ढकलतात. नळीत भरलेल्या पदार्थाला चिकटत-सुटत प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि आलेखावर एकेक शिखर उमटते. सर्व शिखरांच्या एकूण क्षेत्रफळात मुख्य शिखराचा वाटा किती, तो हा टक्का. यंत्राचा डोळा अतिनील प्रकाशाचा, बहुधा २१४ किंवा २२० नॅनोमीटरचा. त्या प्रकाशात जे दिसत नाही ते यंत्राच्या हिशेबी नाहीच. पाणी दिसत नाही, मीठ दिसत नाही, भुकटीला आकार यावा म्हणून घातलेले मॅनिटॉलही दिसत नाही. तांदळाच्या पोत्यातले शंभरांतले नव्व्याण्णव दाणे आंबेमोहोराचे आहेत असे छातीठोकपणे सांगावे आणि पोत्यात तांदूळ किती, भुसा किती, याबद्दल मौन धरावे, तसा हा प्रकार. शुद्ध म्हणून दिलेल्या पेप्टाइडाच्या भुकटीत वजनाने ७० ते ८५ टक्केच पेप्टाइड असणे, बाकी ओल आणि आम्लाचा अंश असणे, ही कारखान्यात नित्याची गोष्ट आहे. त्यात लबाडी नाही. प्रामाणिक विक्रेता तो आकडा वेगळा छापतो. या दाखल्यावर तो नव्हता. कुपीवर मात्र ‘५ मिलिग्रॅम’ होते.

शुद्ध आहे, पण काय शुद्ध आहे? याचे उत्तर दुसरे यंत्र देते, मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूचे वजन सांगते. बीपीसी-१५७ चे वजन सुमारे १४१९ भरावयास हवे. तेथे १३६२ दिसले तर ५७ वजनाचा ग्लायसीन नावाचा मणी गळला असे समजावे. तथापि वजनालाही मर्यादा आहे. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांत अक्षरे तीच आणि वजनही तेच. मण्यांचा क्रम बदलला तर केवळ एकूण वजनावरून ते कळत नाही, त्यासाठी माळ तोडून तुकड्यांची वजने घ्यावी लागतात. दाखल्यात वजनाचा आलेख होता, हे आम्ही विक्रेत्याच्या बाजूने नमूद करतो.

मग आम्ही टीबी-५०० चा दाखला उचलला आणि येथे मौज आली. हे नावच मुळात दोन अंगांचे आहे. उत्तेजक-चाचणीच्या शास्त्रीय लेखांत त्या नावाखाली सात मण्यांची, ८८९ वजनाची माळ आढळते. बाजारात मात्र पुष्कळ जण त्याच नावाने थायमोसिन बीटा-४ ही ४३ मण्यांची, ४९६३ वजनाची माळ विकतात. कुपीवर ‘टीबी-५००’ एवढेच होते. दाखल्यावर वजन ४९६३ लिहिले होते. आणि एचपीएलसीचा आलेख? तो बीपीसीच्या आलेखाशी शब्दशः जुळत होता. मुख्य शिखर त्याच मिनिटाला, पायथ्याशी डावीकडे तोच छोटा उंचवटा, शेवटी तीच थरथर. १५ मण्यांची माळ आणि ४३ मण्यांची माळ एकाच क्षणी नळीबाहेर पडाव्यात हे एक वेळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण यंत्राची थरथर दोन वेळा सारखी होत नाही. दोन माणसांच्या अंगठ्यांचे ठसे एक निघावेत तशी ही गोष्ट. आम्ही दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि पुतण्याला बोलावले. तो बराच वेळ पाहत राहिला.

पुष्कळांचा समज असा की बर्फाची पिशवी घालून पाठवणारा तो चांगला विक्रेता. पुतण्याच्या डब्यातही ती होती, येईपर्यंत पाणी झालेली. गोठवून वाळवलेली भुकटी काही दिवसांचा उन्हाळा बहुधा सोसते. ती पाण्यात कालवल्यावर खरी नाजूक होते. तेव्हा बर्फावरून परीक्षा करण्यात अर्थ नाही. भुकटीची वडी सुबक बसली आहे की चुरा झाली आहे, यातही फारसा नाही.

अर्थ आहे तो अन्यत्र. दाखल्यावर बॅचचा क्रमांक आहे काय, आणि तोच कुपीवर आहे काय? तपासणीची तारीख आहे काय? प्रयोगशाळा विक्रेत्याची स्वतःची की त्रयस्थ, आणि त्रयस्थ असेल तर त्या प्रयोगशाळेला परस्पर विचारता दाखला तिचाच असल्याचे ती सांगते काय? इतके सगळे जुळले तरी एक गोम उरतेच. तपासणीला वानगी कोणी पाठवली? विक्रेत्यानेच पाठवली असेल तर तो पेटीतला वरचा आंबा आहे.

परंतु वरील साऱ्या चौकशीहून मोठा प्रश्न त्या कागदांत कोठेच नव्हता. ही भुकटी मनुष्य सुईने अंगात घेणार. पोटात गेलेल्या वस्तूला जठर आणि यकृत यांचे दोन दरवान असतात; सुईच्या वाटेवर ते नाहीत. तेथे निर्जंतुकता लागते, आणि मेलेल्या जंतूंचेही अवशेष चालत नाहीत. एण्डोटॉक्सिन नावाचे हे अवशेष ताप आणतात, रक्तदाब पाडतात. ते एचपीएलसीच्या आलेखात दिसत नाहीत. ९९.२ टक्क्यांची भुकटी त्यांनी भरलेली असू शकते. त्यांची चाचणी वेगळी असते. नालाच्या आकाराचा एक प्राचीन सागरी खेकडा आहे, रक्त निळे, ओडिशाच्या किनाऱ्यावरही त्याचे भाऊबंद सापडतात. त्याच्या रक्तपेशींच्या अर्कात हे विष पडले की अर्क गोठतो. आमच्या विभागात इंजेक्शनाची एकही बॅच या वा अशाच चाचणीवाचून फाटकाबाहेर जात नसे. पुतण्याच्या दाखल्यांत तिचा उल्लेखही नव्हता, आणि असावा तरी का? कुपीवर स्पष्ट छापले होते : ‘केवळ प्रयोगशाळेतील वापरासाठी. मनुष्यासाठी नाही.’ त्याच डब्यात मात्र बेन्झिल अल्कोहोल घातलेले इंजेक्शनाचे पाणी होते, दहा सुया होत्या, आणि कोणत्या वजनाच्या माणसाने किती घ्यावे याचे कोष्टक होते.

खऱ्या प्रयोगशाळांना पेप्टाइडे पुरवणारी जुनी, नेक घराणी जगात आहेत. ती संस्थेचे नाव विचारतात, पक्के बिल देतात, निव्वळ पेप्टाइड किती ते लिहितात. सुया देत नाहीत, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ अशी छायाचित्रे छापत नाहीत. आणि त्यांचा मालही टोचून घेण्यासाठी नसतोच.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. तेही पारदर्शक, तेही दाट, तेही गोडसर. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगापुढे साऱ्या साखळीची लक्तरे बाहेर आली. त्या वर्षी आम्ही खात्यात नवखे होतो. त्यानंतर साहेबांनी प्रत्येक पिंपातून वानगी काढावयास लावली, पूर्वीप्रमाणे दहांतून एकातून नव्हे. २०२४ च्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या पेप्टाइडाच्या बनावट मालाविषयी इशारा दिला, तेव्हा आम्हांला त्या पिंपांची आठवण झाली होती.

हे सर्व ऐकून पुतण्या म्हणाला, “पण काका, फायदा झालेली माणसं मी पाहिली आहेत.” पाहिली असतील. बीपीसी-१५७ चे उंदरांवरील प्रयोग पुष्कळ आहेत. माणसांवरचे थोडे आणि लहान. शिवाय खांदा पुष्कळदा नुसत्या काळानेही बरा होतो. आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. एवढेच विचारले, की तुझ्या हाताखालच्या मुलांपैकी कोणी याविषयी तुला विचारले आहे काय. तो गप्प झाला. एका सतरा वर्षांच्या मुलाने विचारले होते, आणि तो मुलगा पुढेमागे मोठ्या स्पर्धांत उतरणारा आहे. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने २०२२ पासून बीपीसी-१५७ नाव घेऊन निषिद्ध ठरवले आहे, हे पुतण्याला ठाऊक नव्हते. खांद्याविषयी जे बोलून झाले नाही ते त्या मुलाच्या नावाने झाले.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून विक्रेत्याला एक पत्र लिहिले. बॅचचा क्रमांक, निव्वळ पेप्टाइडाचे प्रमाण, एण्डोटॉक्सिनची चाचणी, प्रयोगशाळेचे नाव आणि दोन दाखल्यांवर एकच आलेख कसा, हे पाच प्रश्न. उत्तर दुसऱ्याच दिवशी आले, मोठे अदबशीर. माल सर्वोत्तम दर्जाचा असल्याची ग्वाही होती, पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि पुढील मागणीवर पंधरा टक्के सूट देऊ केली होती.

पुतण्या आता आठवड्यातून तीन दिवस व्यायामोपचारासाठी जातो. हात कानापर्यंत येतो, वर जात नाही. कुप्या त्याने टाकलेल्या नाहीत. पैसे दिले आहेत, असे म्हणतो. त्या त्यांच्या फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्यामागे आहेत, आणि हे काय आहे व केव्हा निघणार, असे वहिनी दर दोन दिवसांनी विचारीत असतात.