अवेळचा भोंगा

पूर्णेत काही घडलं की ते आधी भोंगा सांगायचा. लोको शेडचा भोंगा पाळीच्या वेळेला वाजला तर कुणी मानही वर करत नसे. आई त्यावर कणीक मळायला घ्यायची. तोच भोंगा रात्री दोनला वाजला की अख्खी रेल्वे कॉलनी अंगणात. मागोमाग माणसांना कामावर बोलावणारा कॉलबॉय दारं ठोठावत यायचा. तो किती दारांपुढे थांबतो, यावरून आई ठरवायची, गाडी नुसती घसरली की प्रकरण मोठं आहे.

माझी भाची संगणक शिकते. लोक समाजमाध्यमांवर जे लिहितात त्यातून घटना कशा हुडकायच्या, हा तिचा प्रकल्प. "मामा, एखादा शब्द रोज साधारण किती वेळा येतो ते आधी बघायचं. तो एकाएकी उसळला की काहीतरी घडलं." म्हटलं, ही तुझी आजीच की गं!

जपानमधल्या साकाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम तिनं सांगितलं. २०१० साली त्यांनी दाखवून दिलं, की ट्विटरवर लिहिणारा प्रत्येक माणूस भूकंपमापक यंत्रासारखा धरता येतो. तिथल्या हवामान खात्याच्या मोजणीत तीव्रता ३ किंवा त्याहून जास्त असलेले ९६ टक्के भूकंप त्यांना नुसत्या ट्विट्सवरून ओळखता आले. मात्र 'भूकंप' शब्द दिसला म्हणजे जमीन हललीच, असं नाही. कुणी भूकंपावरच्या परिषदेलाही गेलेला असतो. म्हणून वाक्यातले आजूबाजूचे शब्द, वाक्याची लांबी असं बघून यंत्राला निवड शिकवावी लागते. मराठीत तर ती फारच शिकवावी लागेल. आपल्या मथळ्यांवर विसंबून राहिलं तर मुंबईत दर महिन्याला भूकंप होतो, आणि त्याचा केंद्रबिंदू कायम मलबार हिलवर!

आमच्या गावाच्या नावाचाही घोळच. आमच्या ऐकण्यातल्या पूर्णा नद्या दोन. एक आमची, गोदावरीला मिळणारी. दुसरी अकोल्याकडची, तापीला मिळणारी. 'पूर्णेला पूर' एवढ्यावरून यंत्रानं काय समजावं? आमच्या लहानपणी अकोल्याहून मीटरगेजची गाडी यायची. "पूर्णा दुथडी भरून चाललीय" असं कुणी म्हणालं की फलाटावरचा चहावाला आधी विचारायचा, "कुठून आलात पाव्हणं?" उत्तर अकोला असलं तर तो निवांत दुसरा कप भरायचा. येलदरीकडून आलेल्या माणसानं तेच सांगितलं तर चुलीवरचं भांडं तसंच ठेवून उठायचा.

माणसाची आवड हुडकणं हा त्याच विद्येचा दुसरा भाग. फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरचे काका मला 'चांदोबा' बाजूला काढून ठेवायचे. एके महिन्यात मी नुसताच उभा राहिलो, तर त्यांनी न विचारता 'रोजगार समाचार' पुढे केला. दहावीचा निकाल माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा. वडिलांपाशी मात्र ते कधी बोलले नाहीत. परवा मी मोबाइलवर विहिरीच्या मोटारीचा एक व्हिडिओ जरा जास्त वेळ पाहिला, तर आठवडाभर ठिबकच्या जाहिराती. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही.

म्हणून गावची नजर सगळी मायेची होती, असं मी म्हणणार नाही. कुणाची पोर कुणाशी बोलली, कोण कुठल्या वस्तीत चहा प्यायला, याची नोंद त्याच फलाटावर होत असे आणि ती पुसता येत नसे. कित्येक पोरींची शाळा त्या नोंदीपायी सुटली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही नुकते झोपलो होतो. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना मांडणीतली भांडी खणखणली. आईला वाटलं मांजर. गल्लीत सगळेच बाहेर आले तेव्हा उमगलं, भूकंप. पण कुठं? कुणालाच ठाऊक नाही. उजाडल्यावर वडील स्टेशनवर गेले, म्हणाले कंट्रोलच्या फोनवर काहीतरी येईल. किल्लारी हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढे कितीतरी दिवस दुसरं काही ऐकू आलं नाही.

२१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचा ४.५ चा धक्का बसला. मी पुण्यात होतो. डोळे उघडेपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदेड, परभणी, वसमत सगळे बोलून मोकळे झाले होते: 'हाललं का?', 'आमच्याकडं बी', 'पंखा झुलला'. भाची हळहळली, हा मजकूर कुलूपबंद, तिच्या यंत्राला वाचताच येत नाही. शिवाय 'हाललं' हा शब्द तिच्या यादीतच नव्हता. तो तिनं घातला. ६ वाजून १९ मिनिटांनी दुसरा, ३.६ चा धक्का आला, आणि ग्रुप पुन्हा उसळला.

त्यात आईचं काहीच नव्हतं. मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"अरे, बाहेरच उभी होते," ती म्हणाली. "कोण कोण बाहेर आलं ते बघत होते. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या काही आल्या नाहीत. ठेव फोन, बघून येते."