तळ दिसत नाही तेव्हा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत पाण्याचे शब्द पुष्कळ आहेत. कादंबरी 'खोल' असते, कवी अनुभवाचा 'तळ' गाठतो, लेखकाच्या मनाचा 'ठाव' लागत नाही, आणि ज्याचा थांग लागत नाही ते सारे 'अथांग'. वर्गात आणि परिसंवादात आम्ही हे शब्द इतक्या सवयीने वापरतो की त्यांतले पाणी केव्हाच आटून गेले आहे. खोली हा गुण आहे, उथळपणा हा दोष आहे, आणि खोलात उतरणाऱ्याला तिथे काही तरी लख्ख दिसते, हे आपण गृहीत धरलेले असते. या गृहीतकाविषयी आम्हांला शंका वाटू लागली ती चामोर्शीच्या परिसरातल्या तळ्यांमुळे.

पाण्याखाली उतरण्याची आमची पहिली ओळख समुद्रातली. तारकर्लीला पाठीवर हवेची टाकी बांधून, प्रशिक्षकाचा हात धरून आम्ही काही मिनिटे खाली गेलो होतो. समुद्रातले स्कूबा डायव्हिंग हा मुख्यतः डोळ्यांचा सोहळा असतो. मासे दिसतात, खडक दिसतात, वरून झिरपणारा उजेड दिसतो. परतल्यावर माणसे सांगतात तेही 'काय काय पाहिले' याच शब्दांत. आमच्या मनातली 'खोली' अशीच होती, म्हणजे खाली असूनही दिसणारी.

चामोर्शी हा गडचिरोली जिल्ह्यातला तालुका. पश्चिमेला वैनगंगा, तिच्या काठी मार्कंड्याचे प्राचीन मंदिर, रेगडीला दिना प्रकल्पाचा जलाशय, आणि धानाच्या बांध्यांमधून जागोजागी पसरलेल्या बोड्या नि तलाव. अशाच एका तलावाच्या पाळीवर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध धीवर गृहस्थांना आम्ही विचारले, की या पाण्यात पाणबुडे कधी उतरतात का? त्यांनी जाळ्यावरची नजर काढली आणि जरा काळजीनेच विचारले, "कोन बुडला का जी?"

या प्रश्नाने आमच्या प्रश्नाचा अर्थच बदलून टाकला. समुद्रकाठी पाणबुड्या येतो तो पर्यटकांना घेऊन. या जिल्ह्यात टाकी आणि मुखवटा घेऊन माणसे येतात ती बहुधा कुणी परतले नाही म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रिया तीत होत्या. त्यांतल्या काही जणी बुडाल्या आणि त्यांचा शोध पुढे काही दिवस चालला. 'बुडी' आणि 'बुडणे' हे शब्द एकाच धातूचे आहेत हे आम्ही व्याकरणात शिकलो होतो. एकात माणूस आपल्या इच्छेने खाली जातो आणि दुसऱ्यात त्याची इच्छा उरत नाही. त्या पाळीवर मात्र ते दोन शब्द वेगळे करता येत नव्हते.

गोड्या पाण्यातल्या या उतरण्याचे शास्त्र समुद्राहून थोडे निराळे आहे. समुद्राच्या घनमीटरभर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो, तर गोड्या पाण्याचे १,००० किलो. गोडे पाणी माणसाला कमी उचलून धरते, म्हणून समुद्रात कमरेला जितके शिसे बांधावे लागते त्यापेक्षा तळ्यात दोनेक किलो कमी पुरते. पण खरा फरक वजनाचा नाही, दिसण्याचा आहे. पावसाने वाहून आणलेली बारीक माती पाण्यात तरंगत राहते, शेवाळाने पाणी हिरवे होते, आणि तळाशी वर्षानुवर्षांचा मऊ गाळ साचलेला असतो. पायाचा एक फटकारा बसला की तो उसळतो आणि हातभर अंतरावरचेही दिसेनासे होते. अशा पाण्यात शोध घेणारा पाणबुड्या डोळ्यांनी शोधतच नाही. त्याच्या हाती दोर असतो, दोराचे दुसरे टोक वर कुणी तरी धरलेले असते. ठरलेल्या झटक्यांनी दोघांचे बोलणे चालते. दोर ताणून तो अर्धवर्तुळे काढीत सरकतो आणि तळ हातांनी चाचपतो. समुद्र डोळ्यांनी वाचता येत असेल, तळे हातांनीच वाचावे लागते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी घडवलेल्या ज्या श्वसनयंत्रामुळे आजचे स्कूबा शक्य झाले, त्याची पहिली चाचणी १९४३ च्या जानेवारीत कूस्तोने घेतली ती समुद्रात नव्हे, पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या थंड पाण्यात. पुढे या यंत्राची सारी कीर्ती निळ्या समुद्राची झाली आणि नदी विसरली गेली.

पूर्व विदर्भातल्या तलावांना विसरणे मात्र इतके सोपे नाही. गोंड राजवटीत आणि कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचे लोकांनी 'मामा तलाव' करून टाकले. यांपैकी बहुतेक तलाव खोल नाहीत. उन्हाळ्यात तर कित्येकांत माणूस कमरेइतक्या पाण्यात चालत जाऊ शकतो. समीक्षेच्या भाषेत त्यांना उथळच म्हणावे लागेल. पण या उथळ पाण्याखाली किती तरी काही आहे, आणि ते ठाऊक असलेली माणसे कसल्याही टाकीवाचून तिथे रोज उतरत आली आहेत. शिंगाड्याचा वेल लावणारा माणूस पाण्यात उभा राहून पायाच्या अंगठ्याने तो गाळात रोवतो. मरळ कुठल्या गवताआड बसते, शिंगी चिखलात कशी लपते, हे धीवराला हातापायांनी कळते.

तलावांचा तळ आता बदलतो आहे. गाळ साचून पाणी कमी झाले. बेशरमाने काठ वेढले. रोहू, कटला, मृगल ही भराभर वाढणारी जात सोडली गेली. साचलेल्या पाण्यात ती प्रजोत्पादन करीत नाही, म्हणून तिचे बीज पुन्हा पुन्हा आणावे लागते. स्थानिक मासे आणि त्यांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती मागे पडल्या. गोंदिया-भंडारा भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धीवरांचे हे ज्ञान गांभीर्याने घेतले. तिथल्या धीवर स्त्रियांनी तलावांतून बेशरम उपटून काढली आणि पाण्यात उतरून स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. त्यांच्या मनात कुठे काय लावायचे याचा जो नकाशा होता, तो कुठल्याही दप्तरात नव्हता.

तळाविषयी साहित्याला कुतूहल नव्हते असे नाही. चांदा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात ताडोबाच्या तळ्याची दंतकथा आहे. तहानलेल्या वऱ्हाडासाठी नवरानवरीने जमीन उकरली, झरा उसळला आणि वाढत्या पाण्याने त्या दोघांनाच पोटात घेतले. पुढे यात्रेकरूंनी हाक मारली की तळ्यातून भांडी वर येत, आणि धुऊन पाण्यात सोडली की परत जात. एकाने ती घरी नेली आणि तेव्हापासून तळ्याने देणे थांबवले. आम्हांला ही कथा लोभाच्या बोधापेक्षा व्यवहाराची कथा वाटते. तळ देतो, पण घेतलेले स्वच्छ करून परत करावे लागते. तलावावर जगणाऱ्या समाजानेच हा करार असा सांगितला असावा.

साहित्याच्या अभ्यासकांनी यातून काय घ्यावे? 'खोल' या शब्दावर आम्ही बहिष्कार घालू इच्छीत नाही. पण खोलात गेल्यावर दिसतेच, हा आपला समज समुद्रपर्यटनातला आहे. काही संहिता मामा तलावांसारख्या असतात. त्या उथळ वाटतात, गढूळ असतात, आणि घाईने पाय मारणाऱ्याला काहीच दाखवीत नाहीत. तिथे हळूहळू चाचपडत जावे लागते, आणि दोराचे दुसरे टोक धरणारे, त्या भाषेत वाढलेले माणूस काठावर असावे लागते. झाडीबोलीतल्या लेखनाला 'खोली नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या पाण्यात उतरले होते, हा प्रश्न विचारायला हवा.

गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या महाविद्यालयांत मराठी शिकणारी किती तरी मुले तलावाकाठच्या घरांतून येतात. त्यांच्यापैकी एकाने आम्हांला सांगितले, की त्याचे वडील पाऊल टेकताच तळ ओळखतात : रेतीचा, चिकणमातीचा, कुजल्या पानांचा, की गोट्यांचा. प्रत्येकाला घरात वेगळा शब्द आहे. ते शब्द लिहून काढ, असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्याने विचारले, "हे मराठीच्या पेपरात चालते का, सर?" आजवर कुठल्या पेपरात ते विचारलेले आम्ही पाहिलेले नाही. पण त्याची वही सुरू झाली आहे, आणि वडील सांगायला आहेत तोवर ती भरून घेतली पाहिजे.