उसण आणि अंश

आमच्या गडचांदूरला कंबर धरली, की औषधाआधी पायाळू माणूस आठवतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी श्रद्धा आहे. सिमेंटच्या कारखान्यांनी ती पुसलेली नाही. काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलताना आमच्या कमरेत चमक भरली, तेव्हा साहित्याचे अध्यापक असूनही आम्ही मुकाट्याने पालथे झोपलो. शेजारच्या पायाळू आजींनी तीनदा पाय लावला. चौथ्या दिवशी बरे वाटले. श्रेय कोणाचे, हे आम्ही तपासले नाही.

त्याच सुमारास एक जुना विद्यार्थी भेटला. पहिल्या वर्षानंतर महाविद्यालय सोडून तो सिमेंटची पोती ट्रकवर चढवण्याच्या कामाला लागला होता. पाठ फार दुखते, म्हणाला. आम्ही ताज्या अनुभवाच्या अधिकाराने त्याला त्याच आजींकडे धाडले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे अमेरिकेत गेलो. विमानातल्या बैठकीने दुखणे पुन्हा उठले, आणि मुलाने आम्हाला एका कायरोप्रॅक्टरकडे नेले. हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ साधारणपणे 'हाताने केलेले'. 1895 साली आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका हाताने दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी या पंथाची जन्मकथा सांगतात. पामर यांचा मुलगा बी. जे. याने 1930 च्या दशकात सारे लक्ष मानेच्या वरच्या टोकावर एकवटले. आम्हाला भेटलेले गृहस्थ त्याच शाखेचे होते.

कमरेच्या दुखण्यासाठी त्यांनी मानेला हात घातला, याची आम्हाला गंमत वाटली. डोके पेलणाऱ्या पहिल्या मणक्याचे नाव अ‍ॅटलास. ग्रीक पुराणात आकाश पेलणारा तो हा अ‍ॅटलास. आपल्याकडे पृथ्वीचा भार शेषावर असतो. तीन दिशांनी क्ष-किरण चित्रे काढून त्यांनी त्यांवर रेघा आखल्या, कोन मोजले आणि आमचा अ‍ॅटलास किती अंशांनी कलला आहे ते दाखवले. मग आम्हाला कुशीवर निजवून कानामागे मनगटाच्या हाडाने अगदी हलका दाब दिला. कटकन आवाज नाही, हिसका नाही. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा मोजणी.

आम्ही भारावलो. रिचर्ड्सच्या 1929 च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'वर आमचे शिक्षण झालेले. संहितेवर रेघा मारत अर्थ कोठे कलला ते शोधणे हाच आमचा धंदा. येथे तर देहाचेच सूक्ष्म वाचन चालले होते!

पुढे थोडे वाचन केले, तेव्हा हा भर ओसरला. मोजमाप काटेकोर असले म्हणजे कारण खरे ठरत नाही. अ‍ॅटलास अंशभर कलल्याने कंबर दुखते, याला भरवशाचा पुरावा नाही. कंबरदुखीत मणक्यांवरील हस्तोपचाराने काहींना थोडा आराम पडतो, पण व्यायामादी इतर उपायांहून तो फारसा अधिक नसतो. मानेला जोराचा हिसका दिला, तर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका सांगतात. आमच्या नशिबी तो हिसका नव्हता. आणि साधी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. म्हणजे आजींचा पाय आणि यांचे अंश एकाच पंगतीला बसले.

तरी त्या भेटीतली एक गोष्ट मनात राहिली. रेघा आखण्याआधी त्या गृहस्थांनी आम्हाला प्रश्न विचारले होते. पायाला मुंग्या येतात का? पाऊल उचलताना जोर कमी पडतो का? लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे का? बैठकीची जागा बधिर वाटते का? ताप येतो, वजन घटते का? यांतल्या एकालाही तुम्ही 'हो' म्हणाला असता, तर मी हात न लावता रुग्णालयात पाठवले असते, असे ते म्हणाले. त्या साऱ्या काटेकोर उपचारात खरोखर नेमके एवढेच होते.

गावी परतल्यावर आम्ही विद्यार्थ्याला बोलावून तेच प्रश्न विचारले. तो म्हणाला, "डाव्या पायाले मुंग्या त कवाच्याच येतात, सर. पंजा बी उचलत नाही बराबर. तुमी इचारलंच कुठी जी?"

चंद्रपूरच्या रुग्णालयात कळले, मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. शस्त्रक्रिया झाली, कळा थांबल्या, पण पावलातला जोर पुरता परतला नाही. आता तो एका धर्मकाट्यावर पावत्या फाडतो. त्याला आम्ही अंशांची हकिगत सांगितली, तेव्हा तो हसला. "अंश मोजा का नका मोजू, पोतं पन्नास किलोचंच राह्यते, सर."

याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांना मणक्याच्या विकारामुळे बसता येत नसे. ते उभे असत किंवा आडवे. भाषणांत आम्ही त्यांचा ताठ कणा पुष्कळदा गौरवला, त्या दुखण्याबद्दल कधी बोललो नाही. कुसुमाग्रजांची 'कणा' शिकवतानाही तेच. पुराने घर गेलेला विद्यार्थी जुन्या सरांकडे येतो तो पैशासाठी नव्हे, पाठीवरच्या धीराच्या हातासाठी. आणि आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर 'कणा : स्वाभिमानाचे प्रतीक' असे लिहीत आलो. आमच्याकडेही एक विद्यार्थी पाठ घेऊन आला होता. यंदाही फळ्यावर तेच लिहू. पण त्याआधी वर्गाला विचारू, की घरी कोणाची पाठ दुखते, आणि ते काय उचलतात.