पंधरा जीबी

जुन्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं तेव्हा आकडा आला ४८० जीबी. नवी एसएसडी ५०० जीबीची, खोक्यावर ठळक छापलेलं. म्हणजे वीस जीबी शिल्लक. इंजिनिअरिंगची डिग्री आणि सहा वर्षांचा अनुभव असलेल्या मी एवढी वजाबाकी केली, कॉपीची स्क्रिप्ट लावली आणि झोपलो. सकाळी लॅपटॉप घ्यायला माणूस येणार होता. स्क्रिप्ट संपलेली दिसली. लॉग उघडला नाही. फॉरमॅट मारलं.

महिन्याभराने आजीचे व्हिडिओ बघायला गेलो, तर तो फोल्डरच नव्हता.

फोल्डर नावाच्या क्रमाने कॉपी होत गेले होते आणि व्हिडिओचा 'व्ही' शेवटाकडे. जागा संपली. 'एरर आली तर पुढे जा' ही ओळ स्क्रिप्टमध्ये मीच लिहिली होती. लॅपटॉपवाल्याला फोन केला, त्याने तो पुढे विकलाही होता.

एसएसडी बनवणारे किलो म्हणजे हजार धरतात. त्यांच्या ५०० जीबी म्हणजे ५०० अब्ज बाइट. विंडोज त्याच बाइटना तीनदा १०२४ने भागतं आणि पुढे लिहितं मात्र जीबीच. त्यामुळे ५००चे दिसतात ४६५. आणि माझे ४८० खोक्याच्या मापात होते ५१५. केबीला हा फरक जेमतेम अडीच टक्के असतो, जीबीला सात, टीबीला जवळपास दहा. खोटं कोणीच बोलत नाही, हा यातला सगळ्यात वैताग आणणारा भाग.

१९९८मध्ये १०२४वाल्या मापाला वेगळं नावही दिलं गेलं, गिबीबाइट. (हे ऑफिसात मोठ्याने म्हणून बघा.) मॅकने २००९पासून सरळ हजाराने मोजायला घेतलं. आणि जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी? तिथला एमबी म्हणजे हजार गुणिले १०२४, दोन्हीकडचं थोडं थोडं. हे सगळं मला माहीत होतं. इंटरव्ह्यूत सांगून भावही खाल्ला होता.

आईला सांगताना मी उगाच सोपं करून सांगायला लागलो. तिने मध्येच तोडलं.

"म्हणजे जुना तोळा आणि नवा तोळा."

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता सराफ सरळ दहाचा धरतात. आजी पाटल्या मोडायला गेली होती तेव्हा सोनाराने वजन सांगताच तिने म्हणे पहिला प्रश्न तोच केला होता, कुठला तोळा? चौथी शिकलेली बाई.

त्या व्हिडिओंत फार काही नव्हतं. कुरडयांचा चीक ढवळणारी आजी, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि "तो मोबाइल ठेव बाजूला, हात लाव जरा" असं माझ्यावर ओरडणं. मी हात लावला नव्हता, शूट करत राहिलो होतो.

मावशीच्या फोनमध्ये एक क्लिप सापडली, मीच कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. चेहरा फुटलेला, आवाज ठीक. ११ एमबी. दोन मापांमधला फरक इथे अर्ध्या एमबीचा. आता ती चार ठिकाणी ठेवली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी उघडून, शेवटपर्यंत ऐकून.