पांच सेकंदांची झोंप

मोठ्या आवाजांविषयीं मला फारशी काळजी वाटत नाहीं. लग्नाची वरात, गणपतीपुढचे ढोल, पाडकामाच्या यंत्राचा धडधडाट हे आपली सोय आपणच करून घेतात. दारें लावून घेतलीं तरी ते आंत येतात. जपावें लागतें तें लहान आवाजांना. कडीचा हलका खटका, उतूं जाऊं पाहणाऱ्या दुधाची सळसळ, आजाऱ्याच्या खोलींतली क्षीण हांक, यांचें आयुष्य एका श्वासाएवढें. तेवढ्यांत कान जागा असला तर ठीक. नसला तर तो आवाज झालाच नाहीं असें समजावयाचें.

माझ्या संगणकांतला असाच एक लहान आवाज गेल्या पावसाळ्यांत नाहींसा झाला. समोरची चार मजली इमारत पाडावयास घेतली होती, आणि त्या गदारोळांत चार ओळी लिहून व्हाव्यात म्हणून मी बाहेरचा आवाज अडविणारे बिनतारी हेडफोन कानांवर चढवून बसूं लागलों होतों. त्याच सुमारास आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशावर शस्त्रक्रिया झाली. कांहीं आठवडे त्यांना बोलण्याची मनाई होती. त्यांच्या उशाशीं मीं देवघरांतली घंटा नेऊन ठेवली. ती त्यांनीं तत्काळ परत पाठविली. "ही देवाला उठवायची, तुला नव्हे," असें पाटीवर लिहून दिलें. शेवटीं ठरलें तें असें: अण्णांनीं मोबाइलवरून एक शब्द धाडावा, 'पाणी', 'औषध' किंवा नुसतें 'ये', आणि माझ्या टेबलावरच्या संगणकानें 'टिंग' करून त्याची वर्दी माझ्या कानांत द्यावी.

दोन दिवस तें 'टिंग' मला ऐकूंच आलें नाहीं. पडद्याच्या कोपऱ्यांत शब्द उमटून जात. माझी नजर मुद्रितांच्या कागदांवर. अण्णांनीं तक्रार केली नाहीं, तो त्यांचा स्वभावच नव्हे. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं शब्द धाडणेंच थांबविलें. भिंतीला हात लावीत ते एकटेच पाण्यापर्यंत चालले असतांना माझ्या पत्नीनें त्यांना पाहिलें.

माझा संगणक लिनक्सवर चालतो. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिचा गाभा लिहावयास घेतला आणि जगांतल्या असंख्य हौशी व पगारी मंडळींनीं ती वाढविली. या प्रणालीची मौज आणि तिचा जाच एकाच गोष्टींत आहे: तिचीं सारीं झांकणें उघडतां येतात, आणि म्हणून तीं आपल्यालाच उघडावीं लागतात. त्या रात्रीं मीं एकेक उघडूं लागलों. सूचनांचा आवाज चालू होता. 'व्यत्यय नको' ही कळ बंद होती. सूचनांच्या आवाजाची पातळी गाण्याच्या पातळीहून निराळी असते. तीहि भरपूर होती. आवाजाची वाट हेडफोनकडेच वळविलेली होती. मग खणांतून जुनें तारेचें यंत्र काढून कानांत घातलें, तों 'टिंग' स्वच्छ! म्हणजे तें जन्माला येत होतें आणि हवेंतल्या वाटेवर कोठें तरी गुदमरत होतें.

खरा धागा सांपडला तो गाण्यामुळें. कंटाळून मीं भीमसेन जोशींचें एक ध्वनिमुद्रण लावलें, आणि पत्नीनें स्वयंपाकघरांतून धाडलेल्या शब्दाचें 'टिंग' भर तानेंत खणखणीत वाजलें. गाणें थांबविलें, थोडा वेळ जाऊं दिला, पुन्हा शब्द मागविला, कांहीं नाहीं. पाठोपाठ दोन मागविले. पहिला हरवला, दुसरा आला. सुरांत गुंतलेल्या कानाला हांक ऐकूं यावी, आणि केवळ हांकेसाठीं रिकामा ठेवलेला कान मात्र बहिरा असावा, हें मला मोठें विलक्षण वाटलें.

उलगडा मात्र साधा आहे. लिनक्समध्यें आवाजाची व्यवस्था पूर्वीं बहुधा पल्सऑडिओकडे असे. आतां ती वीम टायमन्स यांनीं सुरू केलेल्या पाइपवायरकडे आली आहे. फेडोरानें तिचा अंगीकार २०२१ सालीं केला, उबुंटूनें २०२२ सालीं. पाइपवायरच्या हाताशीं वायरप्लंबर नांवाचा एक कारभारी असतो. कोणता आवाज कोणत्या दारानें सोडावयाचा हें तो पाहतो, आणि पांच सेकंद एखाद्या वाटेनें कांहींच गेलें नाहीं कीं ती वाट निजवितो. वीज वांचावी हा हेतु. हेडफोनच्या इवल्याशा बॅटरीकडे पाहतां तो शहाणपणाचाच म्हणावयाचा. पुढचा आवाज आला म्हणजे संगणक आणि हेडफोन यांची पुन्हा बोलणी होतात व वाट खुली होते. तारेची वाटहि अशीच निजते, परंतु ती हांकेसरशी उठते. बिनतारी वाटेला डोळे चोळावयास वेळ लागतो. गाण्याचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. तंबोऱ्याचा आरंभींचा एखादा झंकार गेला तरी श्रोत्याला पत्ता लागत नाहीं. 'टिंग'चा सगळा जन्म मात्र तेवढ्यांतच संपतो.

या बिनतारी विद्येला ब्लूटूथ हें नांव दहाव्या शतकांतल्या हॅराल्ड या डेन राजाच्या टोपणनांवावरून मिळालें. फुटीर लोकांना त्यानें एकत्र आणलें, म्हणून १९९७ सालीं इंटेलच्या जिम कार्डाक यांनीं तें सुचविलें. त्या राजाचे दूत दर पांच सेकंदांनीं पेंगत असते तर त्याच्या हातून काय जोडलें गेलें असतें, असा विचार त्या रात्रीं माझ्या मनांत येऊन गेला.

उपाय एका ओळीचा निघाला. वायरप्लंबरच्या नियमपत्रांत, फक्त हेडफोनपुरती, निजण्याची मुदत पांचाच्या जागीं शून्य लिहावयाची. येथें शून्याचा अर्थ 'तत्काळ' नव्हे, 'कधींच नाहीं' असा आहे. मात्र २०२४ सालच्या ०.५ या आवृत्तीपासून नियमपत्राची भाषा बदलली आहे. लुआ भाषेंतला जुना उपाय जसाच्या तसा उतरवून घेतला तर यंत्र रागावत नाहीं, नुसतें दुर्लक्ष करतें. माझे दीड तास त्या सभ्य दुर्लक्षांत गेले. नवी ओळ नव्या रीतीनें लिहिली, कारभाऱ्याला नव्यानें कामावर बोलाविलें, आणि पहिल्याच शब्दाला 'टिंग' आलें.

हेडफोन आतां पूर्वींपेक्षां लौकर थकतात आणि रोज रात्रीं विजेला लावून ठेवावे लागतात. शांत वेळीं त्यांत एक बारीकसा सुसकाराहि ऐकूं येतो. हा खर्च मला मुळींच जड वाटत नाहीं. शांतता दिसली कीं तिला रिकामपण समजणाऱ्या काटकसरीशीं माझें तरी जमावयाचें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं अण्णांना मीं मुद्दाम सांगितलें, "आतां धाडून बघा." त्यांनीं लगेच कांहीं धाडलें नाहीं. दुपारीं मात्र 'चहा' असा शब्द आला आणि मी तत्क्षणीं दारांत उभा राहिलों, तेव्हां त्यांनीं माझ्याकडे बराच वेळ पाहिलें. परवां एका तासांत सात वेळां बोलावणें आलें. सातव्या खेपेस काम कांहींच नव्हतें. समोरची इमारत आतां कितव्या मजल्यापर्यंत उतरली, एवढेंच त्यांना पाटीवर लिहून विचारावयाचें होतें.